बटईनं दिलेल्या दोन पोरी

मॅडम,

आबा आले होते तुमच्या घरी, कळमनुरीला. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. धुतलेलं धोतर, नवा फेटा आणि काखेत एक कोकरू. इतकी वर्षं तुम्ही त्यांना ‘वडील म्हणून एकदा तरी शाळेत या’ म्हणत राहिलात आणि ते आले नाहीत. त्या दिवशी कुणी बोलावलं नसताना आले, तर तुम्ही फोटोत होतात.

त्या कार्यक्रमात मलाही बोलायला उभं केलं होतं. ‘मॅडममुळे मी हिंगोलीला कॉलेजात गेले, आमच्या घरात कॉलेज बघणारी मी पहिली,’ एवढं म्हणाले आणि खाली बसले. सगळ्यांना वाटलं, रडू आलं म्हणून थांबली. रडू आलंच होतं. पण पुढचं जे बोलायचं होतं ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं. ते हे की, राणी आता शाळेत जात नाही. तुम्ही गेल्यानंतर माझ्या धाकट्या बहिणीची शाळा सुटली. ती कुणी दुष्टपणानं सोडवली असती तर मला भांडता आलं असतं. तसं झालं नाही. तुमच्याबद्दलच्या आदरापोटी सुटली, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटेल का? तुम्हाला वाटेल. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

मी तुमच्या वर्गात आले तेव्हाच्या पालकसभा मला आठवतात. तुम्ही चटया झटकून अंथरायचात, फळ्यावर रंगीत खडूनं ‘स्वागत’ लिहायचात, आणि आम्हाला घरोघर पाठवायचात. चार बायका यायच्या, दोन म्हातारे यायचे. आबा तेव्हा शाळेच्या मागच्या माळावर मेंढरं चारत असायचे. वर्गाच्या खिडकीतून त्यांचा फेटा दिसायचा. तुम्ही खिडकीत जाऊन हात करायचात. फेटा जागचा हलायचा नाही.

“तुझ्या आबांना सांग, मॅडम काही खात नाहीत,” तुम्ही मला म्हणायचात.

मी घरी सांगायचे. आबा म्हणायचे, “सांग म्याडमला, आमी भरवसा टाकला हाय. घडीघडी काय बघाय यायचं?”

हे मी तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं की तुमचा चेहरा उतरायचा. तुम्हाला ते टाळणं वाटायचं. मला दोन्हीकडचं ऐकू यायचं, पण मधलं काय आहे ते समजत नव्हतं. लहान होते.

मग ती गोरेगावच्या बाजारातली गोष्ट. आबा शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात उभे होते, एका व्यापाऱ्याशी बोलणं चाललं होतं. तुम्ही भाजीची पिशवी घेऊन सरळ तिथं गेलात. मी आबांच्या मागं उभी होते.

“मेंढीला ताप आला तर तुम्ही सेनगावच्या दवाखान्यापर्यंत पायी जाता म्हणे,” तुम्ही म्हणालात. “ही तुमची पोरगी. कितवीत आहे, सांगा बरं.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मग तुमच्याकडं. “तुमच्याकडं हाय न,” ते म्हणाले.

“माझ्याकडं आहे, पण तुमची आहे ना? कितवीत आहे?”

व्यापारी हसला. “पाव्हणं, सांगा की. म्याडम परीक्षा घेऊन राहिल्या तुमची. नापास व्हसाल!”

आजूबाजूचे पण हसले. आबांनी मेंढीचा कान सोडला, माझा हात धरला, आणि सौदा तसाच टाकून चालू लागले. त्या हंगामात तुमचं नाव घरात निघालं नाही. पण मला शाळेत जायला कधी मनाई केली नाही, हेही खरं. सकाळी माझ्या आधी उठून माझं दप्तर दाराच्या खुंटीला आणून अडकवायचे. बोलायचे मात्र नाहीत.

तुम्हाला ते लागलं असावं. दुसरं कुणी असतं तर ‘अडाणी माणसं’ म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही सोडलं नाहीत.

दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आमचं बिऱ्हाड बाहेर पडलं होतं. मी चुलतीकडं वस्तीवर राहून शाळेत यायचे, सुट्टीच्या दिवशी तळावर जायचे. तशाच एका रविवारी तुम्ही विचारत विचारत सोयाबीन निघालेल्या त्या रानात आलात. स्कूटी बांधावर लावली. कुत्रं अंगावर धावून आलं तर तुम्ही त्यालाच दटावलंत, “गप रे! शाळेतनं आलेय मी.” माय चुलीपाशी होती, ती पदर तोंडाला लावून हसली. राणी तेव्हा तिच्या कडेवर होती.

आबा मेंढरांभोवतीच्या जाळीच्या पलीकडं काठीवर हनुवटी ठेवून उभे राहिले. येईनात.

“मी बाजारात बोलले ते चुकलं माझं,” तुम्ही घोंगडीवर बसून मोठ्यानं म्हणालात, त्यांना ऐकू जाईल असं. “पण मला एक सांगा, तुमचा राग काय आहे? शाळेत काहून येत नाही?”

“राग कशाचा?” आबा तिथूनच म्हणाले. “भरवसा हाय म्हून येत न्हाई.”

“भरवसा आहे तर यायचं ना!”

आता आबांना राहवलं नाही. जाळी ओलांडून आले, पण बसले नाहीत. “आवं म्याडम, जित्राब बटईनं दिलं का मालकानं राखणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं नसतंय. त्यो म्हनंल, ह्यो काय माझ्यावर नजर ठेवाय आला काय? शेळीचं पोट चाचपाय आला काय? त्याची इज्जत जाती. तुमच्या दारात मी दर महिन्याला येऊन उभा राहू? लोकं काय म्हनतील तुमाला?”

तुम्हाला बटई शेतीची माहीत होती, जनावरांची नव्हती. मग तुम्ही विचारत गेलात आणि आबा सांगत गेले. आपलं जनावर दुसऱ्याला राखायला द्यायचं. त्यानं चारायचं, दुखलंखुपलं बघायचं. पिल्लं झाली की निम्मी त्याची, निम्मी आपली. जनावर मेलं तर त्याचा कान आणून दाखवायचा, की खोटं बोललो नाही. आणि मालकानं मधे ढवळाढवळ करायची नाही. दिलं म्हणजे दिलं.

“म्हणजे इतके दिवस तुम्ही माझी इज्जत राखत होता,” तुम्ही म्हणालात, “आणि मी समजत होते, या माणसाला पोरीचं काही पडलेलं नाही.”

“म्याडम, ह्यो मानूस असाच हाय,” माय म्हणाली. “मला मागनी घालाय आला तवा बी माझ्याकडं बघितलं न्हाई. का तर माझ्या बापाची इज्जत!”

तुम्ही एवढ्या हसलात की ठसका लागला. आबा पण हसले, पहिल्यांदा. मग तुम्ही डोळे पुसून म्हणालात, “बरं. मग मला बटईनंच द्या. दोघी पण. ही मोठी आणि ती कडेवरची, मोठी झाली की. पण माझ्या बटईत एक कलम जास्तीचं. मालकानं दर बाजाराला मला भेटायचं. शाळेत नाही, बाजारात. लिंबाखाली.”

आबांनी विचार केला. “बाजारात चालंल. बाजारात तर समदेच भेटत्यात.”

“आणि माझा वाटा?”

“निम्मा. बटई म्हंजे निम्मं.”

“मंग एक पोरगी म्याडमची!” माय म्हणाली.

“थोरली माझी,” तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात. “ठरलं.”

सगळे हसलो आपण. मी पण. तुमच्या हाताचा भाकरीच्या पिठाचा वास मला आठवतो, कारण तुम्ही मायला भाकरी थापू लागला होतात आणि ती तव्यावर फाटली होती.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी तुम्ही लिंबाखालच्या दगडावर बसायचात आणि आबा समोर उभे राहायचे. काय बोलायचात तुम्ही दोघं! आबा विचारायचे, “खाती का? भांडती का कोनासंगं?” तुम्ही विचारायचात, “घरी आल्यावर बोलते का? का गप्पच?” एकदा तुम्ही म्हणालात की ही हुशार आहे, पण शेजारणीच्या वहीत बघून लिहिते. आबांना राग आला नाही. ते म्हणाले, “हिला लांबची मेंढरं बी मोजता येत न्हाईत. जवळची बराबर मोजती.” दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. पुढच्या आठवड्यात हिंगोलीला नेऊन डोळे तपासले. माझा चष्मा असा लागला. अर्धी गोष्ट तुम्हाला माहीत होती, अर्धी त्यांना. लिंबाखाली ती जुळली. डी.एड. झालेल्या माझ्या मैत्रिणी ‘पालक-शिक्षक संबंध’ यावर बोलतात तेव्हा माझ्या नाकावर तो चष्मा असतो.

पण आपलं भांडण राहिलं, मॅडम. या दिवाळीच्या सुट्टीत मी तुमच्या गोरेगावच्या खोलीवर आले होते. तुम्ही चहा टाकला. तुम्हाला धाप लागत होती. तुम्ही म्हणालात, जिना चढले ना आत्ता. राणी सातवीत आहे, आपली शाळा सातवीपर्यंतच, पुढच्या वर्षी तिला गोरेगावच्या हायस्कूलला घालायचं, हे आपलं बोलणं चाललं होतं.

मी म्हणाले, “मॅडम, आता हे बटईचं सोडा. आबांना सरळ सांगा, शिकणं हा राणीचा हक्क आहे. ती काय शेळी आहे का?”

तुम्ही माझ्याकडं बघून हसलात. ते हसू मला आवडलं नव्हतं. “कॉलेजात गेलीस, शब्द आणलेस. चांगलं आहे. पण हक्क म्हटलं की आबा उठून जातील. बटई म्हटलं की उभे राहतात, ऐकतात.”

“पण तो भरवसा शाळेवर नाही. तुमच्यावर आहे. तुमची बदली झाली तर?”

“त्यालाही रीत आहे. विचारून ठेवलीय मी. राखणारा बदलायचा असला तर आधीच्यानं मालकासमोर दावं नव्याच्या हातात द्यायचं. उन्हाळ्यात हायस्कूलच्या बाईंना लिंबाखाली घेऊन येते. आबांसमोर राणीचा हात त्यांच्या हातात देते. झालं.”

“आणि हे नाही जमलं तर?”

“का नाही जमणार? मी कुठं चालले?”

मी चिडले होते. कपात चहा तसाच ठेवून जीप धरली. ते भांडण आपण पुढच्या सुट्टीत पुढं चालवणार होतो. मला अजूनही वाटतं, तेव्हा माझं बरोबर होतं. आणि हेही वाटतं की, तुम्ही माझं ऐकलं असतं तर मीच कधी शिकले नसते. ही दोन्ही वाक्यं मी रोज एकमेकांसमोर उभी करते. एकही हटत नाही.

तुम्हाला नांदेडच्या दवाखान्यात नेल्याचं मला वर्गात कळलं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. उन्हाळा लांब होता.

कार्यक्रमाच्या दिवशी आबा दारात आले तेव्हा तुमच्या आई पुढं झाल्या. आबांनी कोकरू त्यांच्या पायाशी ठेवलं.

“हे काय, दादा?” त्या म्हणाल्या. “याचं मी काय करू? मी इथं दुसऱ्या मजल्यावर राहते.”

“बटई मोडताना रिकाम्या हातानं येऊ नाही, माय,” आबा म्हणाले. “तुमच्या लेकीनं माझ्या दोन पोरी राखल्या. कमी काही केलं न्हाई.”

बटई मोडताना. तो शब्द मला दारातच ऐकू आला आणि पुढचं सगळं कळलं. तुमच्या जागेवर आलेले नवे सर तिथं होते. तरुण आहेत, मनानं चांगले आहेत. त्यांना आधीच मी सगळं सांगून ठेवलं होतं. ते उठून आले.

“काका, राणीची काळजी करू नका. मी आहे ना. तिला पाठवा, मी बघतो.”

आबांनी त्यांना हात जोडले. “तुमी चांगलेच असाल, गुरुजी. पर तुमच्या हातात तिला कोनी दिलं न्हाई. ज्यायनं द्यायचं त्या गेल्या.”

“मी देते,” मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. लोक बघायला लागले. “मी तिची बहीण आहे. मॅडमच्या जागी मी देते सरांच्या हातात.”

“तुझ्या हातानं न्हाई चालत, बाई.”

“काहून?”

आबा अगदी हळू, मला समजावून सांगावं तसं बोलले. “दोघी व्हत्या. बटई निम्म्याची. थोरली म्याडमच्या वाट्याची, तळावर त्यायनं सोता मागून घेतली. तुझ्यावर माझा हक न्हाई आता. किती शिकायचं ते शिक, मी आडवा येनार न्हाई. कोनी आला तर त्याच्या आडवा उभा राहीन. पर धाकली माझ्या वाट्याची. राखणारं मानूस गेलं का जित्राब माघारी आनायचं असतंय. कोनाच्या भरवशावर ठेवू तिला वस्तीवर?”

“आबा, ते हसण्यावारी बोलल्या होत्या!”

“म्याडम?” आबांनी तुमच्या फोटोकडं पाहिलं. “म्याडम माझ्यासंगं कधी खोटं बोलल्या न्हाईत.”

मी हक्क म्हणाले. शाळेचा कायदा म्हणाले. सर पण म्हणाले. आबा मान डोलवत ऐकत राहिले, कुणाच्या मयताला आलेला माणूस जसं सगळ्यांचं ऐकून घेतो तसं. मग त्यांनी फोटोसमोर फेटा काढून डोकं टेकलं. फेटा काढलेले आबा मी त्याआधी पाहिले नव्हते. कोकरू तुमच्या आईंनी जिन्याच्या कठड्याला बांधलं होतं. ते ओरडत होतं, आणि आत बुद्धवंदना सुरू झाली होती.

सर दोनदा तळावर जाऊन आले. मायनं त्यांना जेवू घातलं, आबांनी नीट उत्तरं दिली, आणि राणी आली नाही. मायला मी एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, “मला बी वाटतंय तिनं शिकावं. पर एक पोरगी दिली न आपुन. दोन्ही दिल्यावर ह्या मानसाजवळ काय राहिलं?” तिच्या या बोलण्यावरचं उत्तर मी पुस्तकात शोधते आहे. मिळेल असं वाटत नाही.

मागच्या बाजाराला मी हिंगोलीहून गोरेगावला आले. आबांशी परत एकदा बोलायचं म्हणून. ते लिंबाखाली होते. दगड रिकामा होता आणि ते समोर उभे होते, नेहमीच्या जागी. राणी जवळच दोन कोकरांना धरून बसली होती. अंगात शाळेचाच निळा ड्रेस होता. घालायला चांगला आहे म्हणून.

आबांनी मला पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकले. “बरी हाईस का?” त्यांनी विचारलं. “खायाप्यायची काही तकलीफ न्हाई न?”

पूर्वी बाजारात भेटले की ते माझं नाक धरायचे, चष्मा पुसून द्यायचे. आता हात मागं बांधलेले होते. माझ्याकडं ते असे बघत होते, जसं दुसऱ्याच्या मालकीच्या जनावराकडं चांगला माणूस बघतो. कौतुकानं, पण हात न लावता. मी जे बोलायला आले होते ते बोलले. त्यांनी ऐकलं. “व्हय,” म्हणाले. “समजतंय मला.” आणि मेंढरांकडं गेले.

मी राणीजवळ बसले. तिनं कोकराचं तोंड धरून ठेवलं होतं, ते माझी ओढणी चघळायला बघत होतं.

“तायडे,” ती म्हणाली, “तवा तळावर मी मायच्या कडेवर व्हते न?”

“हो.”

“म्याडमनं मला काहून न्हाई मागितलं?”

जीपवाला हिंगोली, हिंगोली म्हणून ओरडत होता. तुम्ही असतात तर त्या दगडावरून काहीतरी बोलला असतात, तिला हसवलं असतं. मी तिच्या हातातलं एक कोकरू घेतलं, परत दिलं, आणि जीपमध्ये बसले. खिडकीतून मला जवळची मेंढरं दिसत होती, लांबची पण दिसत होती, चष्म्यामुळे. राणी पण दिसत होती, खूप लांबपर्यंत.

तुमच्या वाट्याची,
अश्विनी